अठ्ठावीस नंबरची वसुली

मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. त्या ट्राममध्ये आपण होतो, असं सांगणारी माणसं मला आजवर इतकी भेटली आहेत, की ती सगळी खरंच त्या रात्री आत असती तर ट्राम बोरीबंदरातून हललीच नसती. आमचे हे त्यांतलेच. वय तेव्हा सात, मुक्काम आजोबांच्या कडेवर. सात वर्षांच्या घोड्याला कडेवर कोण घेतं, असं मी एकदा विचारलं होतं. “गर्दी होती,” असं उत्तर मिळालं.

एवढ्या भांडवलावर हे 2023 च्या मे महिन्यात लिस्बनला ट्रामचे जाणकार म्हणून उतरले.

आमची लेक नेदरलँड्सला असते. तिने आमची तिकिटं काढली, राहायची जागा ठरवली, फोनमध्ये नकाशे भरून दिले आणि ऐन वेळी ऑफिसचं काम निघालं म्हणून स्वतः मागे राहिली. हुशार आहे. लहानपणी आमच्याबरोबर केलेली वेरूळची सहल ती विसरलेली नसणार. त्या सहलीत कैलास लेण्याचा दगड किती घनमीटर निघाला असेल, याचा हिशेब तिला उन्हात उभं करून समजावण्यात आला होता. हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. खातं यांच्यातून अजून निवृत्त व्हायचं आहे.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात. मी टेकड्या मोजल्या नाहीत, गुडघ्यांनी मोजल्या. गाव पाहायचं तर एक तर चालायचं, नाहीतर ट्रामने जायचं. मला चालायला आवडतं, म्हणजे वाटेत थांबायला आवडतं. यांना पोचायला आवडतं. त्यातून सकाळी सकाळी यांनी मेट्रो स्टेशनातल्या यंत्रातून चोवीस तासांचा पास काढला आणि दिवसाचा निकाल तिथेच लागला. पास तेव्हा सात युरोंच्या आत. ट्राममध्ये चढून ड्रायव्हरकडे रोख तिकीट मागितलं तर एका फेरीला तीनेक युरो. “तिसऱ्या फेरीला पास फिटतो,” हे म्हणाले, “चौथीपासून सगळा नफा.” नफा शब्द उच्चारताना यांचा चेहरा असा उजळला, की आज आपण लिस्बन पाहायला नसून वसुलीला निघालो आहोत, हे माझ्या ध्यानात आलं.

पहिली वसुली अठ्ठावीस नंबरची. ही ट्राम मार्तीं मोनीझच्या चौकातून सुटते, ग्रासाची टेकडी चढते, आल्फामाच्या बोळांतून उतरते, बाजारपेठ ओलांडून पुन्हा दुसरी टेकडी चढते आणि पार पलीकडच्या टोकाला प्राझेरेसला जाऊन थांबते. पिवळा एकच डबा, आत लाकूडकाम, पितळी मुठी, बसायला जेमतेम वीस जागा. बांधणी 1930 च्या दशकातली, यंत्रं 1990 च्या दशकात बदललेली. रुळांमधलं अंतर 900 मिलिमीटर. हे मला रांगेत सांगण्यात आलं. मग पुढच्या जर्मन जोडप्यालाही सांगण्यात आलं. रांग चौकाला वळसा घालून गेली होती, त्यामुळे ज्ञानदानाला वाव होता. कुठे कुठे चढ शंभर मीटरला तेरा-चौदा मीटर आहे आणि तरी दातेरी रूळ नाहीत, गाडी नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते, चाकं घसरायला लागली की ड्रायव्हर रुळांवर वाळू सोडतो, हे ऐकून जर्मन बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. त्या पायी जातील असं मला क्षणभर वाटलं, पण गेल्या नाहीत. त्यांच्याकडेही पास असावा.

ट्राम आली आणि त्या शिस्तबद्ध रांगेचं दारापाशी जे व्हायचं ते झालं. आता मी स्वतःचं कौतुक करत नाही, पण बत्तीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी ज्या बाईने काढली तिला वीस जागांच्या डब्यात जागा मिळवणं म्हणजे काय! पाय पायरीवर पडायच्या आत नजर जागेवर पडलेली असते. खिडकीची जागा, चालू दिशेला तोंड करून, मी धरली. शेजारी पर्स ठेवून यांची जागाही धरली. आणि हे आलेच नाहीत.

हे दारात अडकले होते. ट्राममध्ये पाकीटमारांपासून सावध राहा अशा पाट्या लावलेल्या असतात. लेकीनेही बजावलं होतं. म्हणून यांनी पैसे, पासपोर्ट आणि पास असं सगळं एका कापडी पट्ट्यात घालून तो पट्टा बनियनच्या वर, शर्टच्या आत, पोटाला बांधला होता. आता पास दर वेळी ड्रायव्हरशेजारच्या यंत्राला टेकवावा लागतो. यांनी शर्टची खालची दोन बटणं सोडली, पट्ट्याची चेन शोधली, ती अडकली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. मागे दहा-बारा देशांचे नागरिक. ड्रायव्हर बाई होती. तिने आधी समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. अखेर चेन उघडली, पास निघाला, यंत्र टिंग म्हणालं. हे माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “पाकीटमाराला हे जमणारच नाही.” खरं होतं. यांनाच जमत नव्हतं.

चढ मात्र खरोखर पाहण्याजोगा. मोटर खर्जात कण्हते, वळणावर चाकं किंचाळतात, खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी गॅलरीतली कुंडी हाताला लागेल अशी बेताची जागा. हात बाहेर काढू नका, अशी पाटी आहे. एका वळणावर कुणीतरी मोटार रुळांजवळ लावून गेलं होतं. ट्राम थांबली. ड्रायव्हर बाईने घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. ट्रामला बाजूने काढून घेता येत नाही, हा तिचा मोठेपणा आणि हीच तिची पंचाईत. पाच मिनिटांनी केशकर्तनालयातून अर्ध्या दाढीला साबण लावलेला गृहस्थ धावत आला, कुणाचीही माफी न मागता मोटार काढून पुन्हा आत गेला. डब्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या खोळंब्याने पासाचे चोवीस तास पाच मिनिटांनी कमी झाले, अशी नोंद माझ्या शेजारी घेतली गेली.

मला साऊं व्हिसेंती दि फोरा या मठापाशी उतरायचं होतं. यांना शेवटपर्यंत जायचं होतं, कारण शेवटपर्यंत जायलाही तेवढेच पैसे पडतात. मी उठले. चाळीस वर्षांच्या सवयीने हेही उठले.

त्या मठात मुंबई हुंड्यात देणाऱ्यांची मुलगी आहे.

शाळेत आपण सगळेच ते एक वाक्य शिकतो: पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. ती राजकन्या, कातारीना, कुठे गेली, तिचं पुढे काय झालं, हे पुस्तकात नसतं. ती इथे आहे, ब्रागांझा घराण्याच्या दफनस्थानात. मठाची जुनी भोजनशाळा आहे ती. एकोणिसाव्या शतकात तिथे राजघराण्याच्या शवपेट्या मांडल्या. पाटाच्या जागी पेट्या. मधोमध राजा कार्लुश आणि त्याचा थोरला मुलगा. या दोघांना 1908 साली नदीकाठच्या मोठ्या चौकाजवळ भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्यांच्यापाशी एका शोक करणाऱ्या बाईचा पुतळा आहे, सगळे फोटो तिचेच काढतात. कातारीनाच्या साध्या दगडी पेटीसमोर आम्ही दोघंच.

1661 चा तह. हुंड्यात मुंबई, आफ्रिकेतलं टँजियर, शिवाय रोख वीस लाख क्रुझादो. रोखीतले निम्म्याच्या आसपासच पोचले, बाकी राहिले. म्हणजे सासरी काय बोलणी ऐकायला लागली असतील याची कल्पना कोणत्याही काळातल्या बाईला करता येते. मुंबई नक्की कुठे आहे हे इंग्रजांना नीट ठाऊक नव्हतं. त्यांच्या चॅन्सेलरची समजूत ती ब्राझीलच्या जवळपास असावी अशी होती, असं सांगतात. ताबा देतानाही गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी भरपूर खळखळ केली, इतकी की लग्न 1662 मध्ये लागलं आणि बेट 1665 मध्ये हातात पडलं. आणि एवढं करून राजा चार्ल्सने त्या बेटाचं केलं काय? 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिलं. वार्षिक भाडं दहा पौंड.

“दहा पौंड?” हे म्हणाले. “आख्खी मुंबई?”

“आख्खी. माहीम-परळचा वाद वेगळा.”

“पागडी घेतली नाही?”

डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावरचा एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक परवा महिना बावीस हजारांनी गेला, हे यांना आठवलं असणार. हे त्या पेटीकडे जरा कणवेने पाहू लागले. मी म्हटलं, भाड्याचं सोडा, त्या माणसाच्या दारात राजरोस बायकांची रांग होती, कातारीनाला मूल झालं नाही, तिने घालून दिलेली चहाची सवय मात्र इंग्लंडने आनंदाने उचलली. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती माहेरी परत आली, आणि भाऊ आजारी पडल्यावर तिने इथला राज्यकारभार सांभाळला. 1705 मध्ये वारली तेव्हा ती पोर्तुगालची कारभारीण होती. शाळेच्या पुस्तकात एवढं एक वाक्य वाढवायला काय हरकत होती?

“हुंडा मात्र वसूल झाला नाही,” हे म्हणाले.

“कुणाचा? तिचा की त्याचा?”

यावर हे बराच वेळ बोलले नाहीत. आमच्या लग्नात सासऱ्यांनी काही मागितलं नव्हतं; फक्त “तुमच्या मुलीला वापरायला” म्हणून एक लोखंडी कपाट आलं होतं. त्यात चाळीस वर्षं यांच्या फायली आहेत.

वरच्या मजल्यावर निळ्या-पांढऱ्या फरशांच्या चित्रांत ला फोंतेनच्या प्राणिकथा आहेत. त्याने आपल्या दुसऱ्या संग्रहात पिलपे नावाच्या भारतीय ऋषीचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे, म्हणजे आपल्या पंचतंत्राचंच. आपलं गाव हुंड्यात गेलं ते कुणी विचारून नेलं नाही. गोष्टी नेल्या त्या माणसाने निदान नाव तरी घेतलं. मला ला फोंतेन आवडला.

मठामागे मंगळवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. मंगळवारच होता. किल्ल्या, कंदील, डोकं नसलेले संत, मेलेले मोबाइल. हे एका पितळी लेव्हलच्या नळीपाशी उकिडवे बसले. पारा नव्हे हो, बुडबुडा असतो तो लेव्हल. बुडबुडा मधोमध येतो का हे पाहायला सपाट जागा हवी, आणि त्या टेकडीवर सपाट जागा नव्हती. विक्रेता आणि हे, दोघांनी मिळून बरीच शोधली. व्यवहार फिसकटला.

पुढची वाट आम्ही पायी उतरलो, आणि इथे मला लिस्बनच्या पदपथांविषयी बोललंच पाहिजे. पांढऱ्या चुनखडीचे मुठीएवढे चौकोनी तुकडे ठोकून बसवलेले, मधून काळ्या दगडाची नक्षी. फार सुंदर. वर्षानुवर्षं पायांनी घासून त्यांना आरशाचं तेज आलंय, आणि उतारावर पाय ठेवला की माणूस आपोआप पुढच्या स्थळी पोचतो. यांच्या पायांत नवे बूट. दहा पावलं गेलो आणि यांनी माझा हात धरला. आमच्यात रस्त्यात हात धरायची पद्धत नाही. लग्नानंतर माथेरानलाही हे दोन पावलं पुढे होते. मी चकित होऊन पाहिलं तर हे जमिनीकडे पाहत म्हणाले, “घर्षण फार कमी आहे.” समोरून एक तरुण जोडपं वर येत होतं. त्यांनी आमच्याकडे पाहून एकमेकांना कोपर मारलं आणि आपणही हात धरले. त्यांना घर्षणाचं सांगावं असं मला वाटलं नाही.

एश्कोलस जेराइशच्या बोळात ट्रामचा एकच रूळ आहे आणि भिंतीपासून ट्रामपर्यंत एक सडपातळ माणूस मावतो. मागून घंटा आली. आम्ही एका दारात शिरून भिंतीला चिकटलो, ट्राम नाकासमोरून गेली, आणि खिडकीतल्या पंचवीस फोनांनी आमचं चित्रीकरण केलं. कोरियात किंवा कॅनडात कुणाच्या तरी फोनमध्ये आता एक डोंबिवलीकर जोडपं पोट आत ओढून उभं आहे. ज्या दारात आम्ही शिरलो ते उघडलं. आतल्या आजी चिडतील असं वाटलं, पण त्यांनी स्टुलावरच्या बाटलीकडे बोट केलं. आल्फामात बायका दारातच आंबट चेरीची घरगुती दारू विकतात, पेल्याला तेव्हा एक युरो. हे “नो, नो, थँक यू” म्हणेपर्यंत मी पैसे दिले होते. चेरीसकट प्यायले. गोड, मग गरम, मग कानांपर्यंत. आजी हसल्या. “सकाळचे साडेअकरा वाजलेत,” हे म्हणाले. मी म्हटलं, “डोंबिवलीत चार वाजले.”

त्यानंतर यांनी ट्रामचा हट्ट धरला. पोर्टाश दु सोलच्या थांब्यावर उभे राहिलो. एक अठ्ठावीस आली, भरलेली होती, थांबली नाही. दुसरी थांबली, दार उघडलं नाही. तिसऱ्या गाडीतली सकाळची जर्मन बाई आम्हाला ओळखून हात हलवत गेली. समोर उतारावर गच्च लाल कौलं, खाली तेजू नदी, आरपार निळं आभाळ; माझी काही तक्रार नव्हती. शेवटी चालतच खाली आलो. बुडीत फेऱ्या म्हणून यांनी त्या वहीत मांडल्या की काय, मला माहीत नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगते. मी मालवणची, मला भाजलेले मासे मिळाले, माझं आयुष्य सुरळीत चाललं होतं. हे शाकाहारी. वेटरने खात्री दिली, सूप आहे, बटाटा आणि पालेभाजीचं, अगदी शाकाहारी. हिरवंगार वाडगं आलं, यांनी मन लावून संपवत आणलं, आणि तळाशी चमच्याला सॉसेजची लाल चकती लागली. वेटर म्हणाला, “ती फक्त चवीला.” चकती माझ्या ताटात आली. तोवर खाल्लेल्या सुपाचं काय, हा प्रश्न दोघांनीही काढला नाही.

बाजारपेठेत यांची कळी पुन्हा खुलली. 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी भूकंप, मग समुद्राच्या लाटा, मग आगी, अशा तिहेरी तडाख्यात हा सगळा भाग गेला. राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्केसने तो आखीव काटकोनांत पुन्हा उभारला, आणि घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे बसवले, हादऱ्यात लवतील पण पडणार नाहीत असे. चाचणीसाठी नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली, असं सांगतात. यांचे डोळे चक्क पाणावले. “टेस्टिंग!” हे म्हणाले. “अठराव्या शतकात टेस्टिंग!” आणि रस्त्यात पाय आपटून दाखवला. घर्षणाची आठवण झाल्यामुळे दुसरा आपटला नाही.

मग सांता जुश्टाची लिफ्ट. 1902 सालचा 45 मीटर उंच लोखंडी मनोरा, खालच्या बाजारातून वरच्या कार्मोच्या चौकाला नेतो. नुसतं तिकीट तेव्हा पाच युरोंच्या वर, पासात फुकट. रांग रस्ता वळून गेली होती. मी नकाशा पाहिला. कार्मोचा चौक मागच्या रस्त्याने चढून गेलं तर दहा मिनिटांवर. “अहो, तसंच वर जाता येतं.” “पासात आहे,” हे म्हणाले. वाद घालण्यासारखा मुद्दाच नव्हता. मी निघाले.

वाटेत अंड्याच्या पिवळ्या बलकाचे गरम टार्ट घेतले, वरून दालचिनी. चौकात जाकारांदाच्या झाडांना नुकती फुलं येऊ लागली होती. एका बाजूला भूकंपात छप्पर गेलेलं कार्मोचं चर्च, कमानी तेवढ्या उभ्या, आणि त्याला लागून सैनिकी ठाणं. 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानु याच ठाण्यात लपला होता. बाहेर बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचलेले सैनिक आणि गर्दी. संध्याकाळी तो शरण आला. गोवा आपण 1961 मध्ये सोडवला, पण पोर्तुगालने ते कागदोपत्री कबूल केलं 1974 च्या अखेरीस, या चौकातल्या संध्याकाळनंतर. मुंबईचा ताबा द्यायला पोर्तुगीजांना चार वर्षं लागली होती, गोव्याचा गेलेला ताबा मान्य करायला तेरा. मी तिथल्या बाकावर बसून टार्ट संपवला, दुसरा काढला, तोही संपवला. तिसरा यांच्यासाठी राखला होता. लिफ्टची रांग फारच मोठी होती.

तासाभराने हे लोखंडी पुलावरून विजयी मुद्रेने आले. “अप्रतिम. आत सगळं लाकूड आणि पितळ. वर जायला किती वेळ लागतो, सांग?”

“तास.”

“अर्धं मिनिट!” मग आजूबाजूला पाहून म्हणाले, “टार्ट कुठे मिळतात इथे?”

पास फिटला होता. पण नफ्याची चटक वाईट. कवी कामोंइशच्या पुतळ्यापाशी अठ्ठावीस पुन्हा पकडली. या वेळी यांनी बटणं उघडलीच नाहीत. टाचा उंचावून पोट यंत्राला टेकवलं. क्षणभर काही झालं नाही, मग यंत्र टिंग म्हणालं. संसद भवन, एश्ट्रेलाच्या बॅसिलिकाचा पांढरा घुमट, सगळं बसल्या बसल्या पाहिलं आणि प्राझेरेसला सगळ्यांना उतरवण्यात आलं. तिथे रूळ संपतात आणि समोर स्मशान आहे.

1833 च्या कॉलऱ्याच्या साथीत सुरू झालेलं हे स्मशान म्हणजे सरूच्या झाडांच्या गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना घराण्याघराण्यांच्या दगडी खोल्या. प्रत्येकीला दार, दारावर नंबर, काचेआड लेसचे पडदे. एकीच्या आत फुलदाणी आणि खुर्ची. हे काचेला डोळा लावून म्हणाले, “उजेड चांगला आहे.” दुसऱ्या गल्लीत म्हणाले, “इथून पूल दिसतो.” दिसत होता, तेजूवरचा लांबलचक लाल झुलता पूल. डोंबिवलीच्या ब्लॉकमधून समोरच्यांचं वॉशिंग मशीन दिसतं. मी म्हटलं, चला, भाडं विचाराल आता.

परतीच्या ट्रामला रांग छोटी होती. सकाळचीच ड्रायव्हर बाई. तिने यांना ओळखलं आणि मागे रेलून, हाताची घडी घालून वाट पाहत बसली. हे दोन पायऱ्या चढले, शांतपणे पोट यंत्राला लावलं. टिंग. बाईने घडी सोडली आणि मनापासून टाळी वाजवली. आमच्या मागे एक स्पॅनिश आजोबा होते. त्यांनी यांच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, चवड्यांवर उभे राहून आपलंही पोट लावलं. काहीच वाजलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा लावलं. त्यांचा पास बायकोच्या पर्समध्ये होता.